गाळलेलं पाणी

— राहू द्या चप्पल, भाऊ, गच्चीच तर आहे. हा पाहा विटांचा डोंगर, हर्षानं केलेला. जितेंद्रभाऊ ना तुम्ही? तिच्या कॉलेजातले? तिनंच फोटो काढाले धाडलं ना? लग्न झालं का? — बरं, राहू द्या. पोरगी दोन महिने देहरादूनले गेली, खरे डोंगर मोजाले, अन् वरच्या भाड्याच्या खोलीची किल्ली अन् हा डोंगर मले देऊन गेली. "सिंधूकाकू, रोज एक बादली घळीतून सोडजा, दोन मुठी वाळू-माती कालवून." समजावलं किती छान! नदी पहाडात कोंडलेली असते, गोटे-वाळू घेऊन धावत सुटते. बाहेर मोकळी जागा भेटली का पसरते, पसरली का दमते, अन् दमली का ओझं टाकते — गोटे दाराशीच, वाळू पुढं, बारीक गाळ पार शेवटी. एक वाट बुजली का दुसरीनं जाते. असं इकडून तिकडून टाकत टाकत गाळाचा पंखा होते — निऱ्या फाकल्यासारखा.

आता हा पंख्याच्या मधातला चर. कोणं केला? मीच केला, दुसरं कोण आहे इथं? आमच्या घरी पाणी गाळल्याबिगर वापरत नाही, सासूची शिस्त. म्हटलं, पोरीच्या नाजूक कामात माती कायले घालू? पातळ धोतर लावून गाळलं, निर्मळ ओतलं. अन् थे कापतच गेलं! आणलं काही नाही, होतं तेच घेऊन गेलं — हाओ, रिकामं पाणी खोदते, मले चौथ्याच दिवशी समजलं होतं. ओतणं बंद केलं मंग.

नाही, तिले नाही सांगतलं. रोज सहाले फोन करते ना — काकू, पंखा कसा आहे? मी म्हणते, मस्त, आज डावीकडून वाहिलं, बोटभर वाढला. अमेरिकेतल्या माझ्या पोराचा फोन दिवाळीले येते. ही रोज करते, भाऊ. काम बिघडलं म्हटलं असतं, तर कायले केला असता रोज फोन? — अन् थे लिहून घेते म्हणे. वहीत. माझं खोटं, तारीख टाकून.

काढा फोटो. चराचाही काढा. पण आत्ताच नका धाडू, साडेसहाले धाडा. सहाले मीच सांगते तिले. — नाही, थांबू नका तुम्ही, जा. कोणी ऐकून राहिलं का मले बोलता येत नाही.