मुख्य पात्राच्या कमरेत चमक

...नाई, मी म्हणतो, माणसाले हिरो कराच्या आधी त्याले एक डाव इचाराचं तरी नाई का, का बाप्पा, तुले व्हाचं हाये का? तुमाले सांगतो, माह्या घरी सध्या एक वही पडली हाये, दोनशे पानाची, अन् तिच्यावर मोठ्या अक्षरात लिवलं हाये, 'मुख्य पात्राचे मानसिक व सामाजिक विश्लेषण', अन् त्याच्या खाली नाव कोणाचं? माहं! सोमाजी! लिवणारी कोण, तं आमच्या शेजारच्या अंजनाबाईची नात, दिव्यानी, नागभीडच्या कॉलेजात एमे करून राह्यली. तिच्या सरनं सांगतलं म्हणे, एक नायक कादंबरीतला घ्या, एक पिक्चरातला घ्या, अन् एक गावातला खराखुरा घ्या, अन् तिघाइच्या मनात काय चालते ते लिवा. कादंबरीतला तिले भेटला, पिक्चरातला भेटला, अन् गावातला म्हणून मीच भेटलो! आता तुमीच सांगा, हिरो भेते का? मी तं भेतो. खोटं कायले बोलू, सपाट भेतो.

आता माहं नाव आलं कुठून, ते ऐका. मोहाचे दिवस. मोहफूल पडते पायटे, अन् ऊन चढाच्या आत वेचा लागते, नाई तं हरणं खाऊन जाते. वेचाचं म्हटलं का वाकाचं आलं. अन् वाकलेला माणूस जनावराले माणूस वाटतच नाई, चार पायाचं काहीतरी चरून राह्यलं असंच वाटते त्याले, हे फॉरेस्टवाले सांगून सांगून थकले. मागच्या साली पलीकडच्या गावची बुधरी अशीच गेली. वाकली होती, बस. तिची टोपली मी पाह्यली, अर्धी भरलेली. तवापासून मोहाचा वास आला का मी पहिले मांगं वळून पाहतो... हे मी हसाले नाई सांगून राह्यलो.

तं या साली होळी झाल्यावर आठ दिवसानं आमी रानात. मी, माही बायको गिरजा, अंजनाबाई अन् बाकी बाया. मी एका झाडाखाली लय वेळ वेचत बसलो होतो, अन् उठाले गेलो तं कमरेत अशी चमक भरली, अशी भरली, का मी खाटकन सरळ झालो अन् तसाच अटकलो! मान फिरेना, हात हालेना, पाठ अशी ताठ. अन् तेवढ्यात, इथून त्या खांबाएवढ्या अंतरावर, करवंदीच्या झुडपातून... तो. आमी रानात त्याचं नाव घेत नाई, 'तो' म्हणतो. अन् आता तुमच्यासामने बी नाई घेत, उगाच कायले!

दिव्यानी इचारते, काका, त्या क्षणी नायकाच्या मनात काय चाललं होतं? अवो माय, पळा! दुसरं काय चालणार? पाय म्हणत होते आमी तयार आहो, अन् कंबर म्हणत होती मी नाई येत! त्यानं मले पाह्यलं. मी त्याले पाह्यलं, काऊन का मले दुसरीकडे पाहताच येत नव्हतं. गिरजा म्हणते अर्धा मिनिट झाला असन, मले तं सरपंचाची पाच वर्षं गेल्यावाणी वाटलं. मंग त्यानं जांभई देली, माह्या तोंडावर, अन् वळून चालला गेला. काऊन गेला? ते त्याले इचारा ना! पोट भरलं असन त्याचं!

अन् मांगून अंजनाबाईचा आवाज, 'बाई वो, सोमाजीभाऊ छाती काढून उभा राह्यला, एक पाऊल मांगं नाई सरकला!' आता सरकता आलं असतं तं मी घरी नसतो पोचलो? पण त्या वक्ताले तोंडातून आवाजच निघत नव्हता, म्हणून सांगाचं राह्यलं. अन् एकदा राह्यलं का मंग राह्यलंच. मी गावात येईस्तवर मी त्याच्यावर डोळे वटारले होते. दुपारपर्यंत डरकाळी मी फोडली होती, त्यानं नाई. अन् दुसऱ्या दिवशी गोंडपिपरीहून माह्या साडूचा फोन, 'काऊन बे, त्याच्या कानाखाली वाजोली म्हणते तू?' तुमीच सांगा... हिरो भेते का?

बरं, नाव झालं तं झालं, फुकटाचं होतं. पण गावानं बसून ठरोलं, का आता बाया मोहाले जाईन तं सोमाजी सामने. हातात वाजवाले टिनाचा डबा अन् काठी. अकरा बाया खाली वाकून अन् मी एकटा उभा! पहिले मी एकाच जिवाले भेत होतो, माह्या. आता बारा जिवाले भेतो. अन् त्यात गिरजा. ते वाकली का तिची पाठ अशी गोल दिसते, हिरवं लुगडं, अन् मले बुधरीची टोपली आठवते. तो आला तं मी काय करन? दर टायमाले कमरेत चमक भरन का? अन् माह्या भरोशावर बायको वाकून राह्यली, याच्यापेक्षा मोठं भेव मले तं मालूम नाई.

अन् इकडे दिव्यानी वही घेऊन घरात बसलेली. 'काका, धैर्याचा उगम बालपणात असतो. तुमचा बालपणी कोणत्या प्राण्याशी सामना झाला होता का?' मी म्हटलं, झाला होता, कोंबड्याशी. माह्या आजीचा लाल कोंबडा मले पाहून धावत ये, अन् मी मांडवावर चढून बसो. तिनं काय लिवलं? 'बालपणापासूनच वन्यजीवांशी संघर्ष.' मंग इचारते, सामाजिक पार्श्वभूमी सांगा. मी म्हटलं, तलावातली मच्छी अन् दोन एकर धान. तिनं लिवलं, 'जल, जंगल, जमीन यांच्याशी नाते.' मंग म्हणते, तो सामने आला तवा तुम्ही काही बोलले नाई का? मी म्हटलं, तोंडातून शब्द निघन तं बोलन ना! लिवलं, 'नायक मितभाषी आहे.' मले! मितभाषी! आता तुमी किती वेळचे ऐकून राह्यले, तुमीच पाहा!

अन् ते बाकीचे दोन नायक, त्याइचं काय जाते हो? पिक्चरातल्या हिरोसामनेचं जनावर कॉम्प्युटरवर बनते. त्याले पहिलेच मालूम रायते का तीन घंटे होयेपर्यंत आपल्याले मराचं नाई. गोळी लागली तं खांद्यालेच लागन. त्याच्या कमरेत कधी चमक भरलेली पाह्यली तुमी? त्याले कधी धाकाधाकात लघवीले लागली? अन् कादंबरीतला तं अजून सुखी! त्याले भेव लागलं का तो दोन पानं इचार करते. मले दोन पानं कोण देईन? मले अर्धा मिनिट होता, अन् त्यात बी मी फक्त कंबरच पकडून होतो, मनातल्या मनात!

शेवटी मले राहावलं नाई. मी म्हटलं, दिव्यानी, पोरी, पेन ठेव. अन् सारं सांगून टाकलं. चमक, कंबर, जांभई, सारं. मले वाटलं पोरगी नाराज होईन. ते तं खूश! 'काका, हे तर अजून भारी आहे, सर म्हणतात आजचा नायक आतून पोकळ असतो!' पोकळ म्हणे! अन् वरून म्हणते, आज आजीले सारी वही वाचून दाखवतो. झालं! बायाइले कळलं तं त्या मोहाले येणं बंद करन, नाई तं, त्याहून वाईट म्हणजे, राखणदाराशिवाय जाईन. मी म्हटलं, दुसऱ्याच्या वहीतून कळाच्या आधी आपल्या तोंडानं सांगावं.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली गेल्या गेल्या मी डबा खाली ठेवला. म्हटलं, बायाहो, ऐका. मी उभा नाई राह्यलो, मी अटकलो होतो. मी लय भेतो. तो आला तं माह्यानं काही होणार नाई. तुमी दुसरा माणूस पाहा.

मोह पडून राह्यला, टप... टप... गिरजानं मान बी वर नाई केली. वेचता वेचता म्हणते, 'मालूम हाये. आठ दिवस कमरेले तेल कोणं लावलं?' अन् अंजनाबाई म्हणते, 'आमाले बी त्याच दिवशी मालूम झालं.' मी म्हटलं, मंग मले काऊन उभं करता सामने? वर्षभराचं हसू पाह्यजे का तुमाले?

अंजनाबाईनं टोपली बाजूले ठेवली. 'बुधरीच्या संगं बी राखणदार होता, भाऊ. लय बहादूर. झाडाले टेकून झोपला होता. तुमी भेता. पान हाललं तरी तुमची मान फिरते, डबा वाजवणं तं तुमी श्वास घ्याले बी थांबवत नाई. तुमी उभे असले का आमी खाली पाहून वेचतो.'

मी गिरजाकडे पाह्यलं. ते अजून वाकलेलीच. म्हणते, 'तुमी भेता म्हणून मले वाकता येते.'

डोळ्यात पाणी आलं माह्या, खोटं नाई सांगत. पण मी लगेच डबा उचलला, काऊन का मांगं काहीतरी वाजलं होतं. खार होती.

तरी माही एक आशा होती. सरनं वही तपासून पाठोली, अन् माह्या पानावर लाल पेनानं लिवलं, 'तिसरा नायक विश्वसनीय वाटत नाही. असा माणूस प्रत्यक्षात नसतो. बदलावा.' मी धावत गेलो अंजनाबाईकडे, म्हटलं, पाहा, शिकलेला माणूस म्हणते, बदला! तिनं चष्मा बी नाई लावला. 'सरले म्हणा, पायटे या, डबा धरा.'

तं चालतो मी, उद्या परत जाचं हाये, अन् डबा आजपासूनच उशाशी ठेवला हाये. हिरो भेते का, इचारतच होतो ना मी? भेते बाप्पा. बाकी गावात बहादूर लय पडले हाये, पारावर बसून मले शाबासकी देते, त्या साऱ्याइले सुट्टी हाये. भेणारा मी एकटाच... मले सुट्टी नाई.