जावयाच्या बोटीचं पाणी

अहो, हसताय काय! तुम्हाला सांगतो, हसणाऱ्यांनी आधी दोन घागरी पाणी घिऊन ढोकी ते रत्नागिरी करून यावं, मग हसावं! तांब्याच्या दोन घागरी, तोंडाला फडकं बांधलेलं, वर गोटी सोड्याच्या दोन डझन बाटल्यांची पेटी... आन् जायचं कुठं? समुद्रावर! नजर जाईल तिकडं पाणी! आता तुमीच सांगा, पाण्यावर जायचं आन् पाणी घिऊन जायचं... ह्याला काय म्हणावं?

ही अक्कल कुणाची? आमच्या अप्पांची! गुरुसिद्धप्पा म्हंजे आमचे वडील. सत्तरी गाठलेली, कपाळावर ईभूत, गळ्यात लिंग, आन् शब्द एकदा तोंडातनं गेला का खुद महादेव आला तरी माघारी न्हाय. आता आमच्या शांताक्काला, म्हंजे माज्या थोरल्या बहिणीला, दिलंय रत्नागिरीला. का दिलंय, कशी सोयरीक जमली, ते इचारू नका, त्यात सांज व्हईल. लगीन होऊन सहा वर्सं झाली, मूलबाळ न्हाय. आन् तुम्हाला रिवाज ठावा हाय. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरच्या पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाय. अप्पा काय करायचे? जायचेच न्हाईत! सहा वर्सं पोरीचं तोंड बघितलं न्हाय माणसानं. मधी लढाई, बोटी बंद, हे एक निमित्त. पर खरं कारण पाणी.

मग लढाई थांबली, बोटी चालू झाल्या, आन् दाजींचं पत्र आलं. दाजी म्हंजे शांताक्काचे मालक, वीरप्पा. आपल्यातला माणूस, किराणा दुकान टाकायचं सोडून बोटीवर तिकिटं तपासतोय! तर पत्रात दोनच ओळी : 'मामा, एकदा येऊन जा. शांता फार आठवण काढते.' अप्पांनी पत्र तीनदा वाचून घेतलं, डोळं पुसलं, आन् म्हणाले, "मल्ल्या, घागरी घास."

म्या म्हणलं, "अप्पा, लेकीच्या घरापुरतं पाणी न्यायचं तर नेऊ. पर बोटीवर तर बोटीचं पाणी पिता यील का न्हाय?"

"बोटीवर पाणी कोण देतंय?"

"कंपनी."

"कंपनीचा माणूस कोण?"

"...दाजी."

"मग बोट जावयाची. जावयाची बोट म्हंजे लेकीचं घर."

"अप्पा, मग त्या बोटीत बसायचं तरी कसं?"

"बसायचं तिकीट काढलंय. पाण्याचं तिकीट असतंय का?"

म्या घागरी घासाया घेतल्या. पाण्यावर जायचं आन् पाणी घिऊन जायचं, कबूल!

त्यात आमच्या रेवणसिद्धानं भर घातली. त्यो सोडेवाला हो, बाजारातला! जल्मात तळं सोडून पाणी बघितलं न्हाय त्यानं, पर हात हलवून सांगतोय कसा, "अप्पा, बोट लागती! आतडी गळ्यात येत्यात! जिंजर प्या, जिंजर! घोट घोट!" झालं! दोन डझन जिंजर, कडब्यात गुंडाळून, पेटीत. उचलणार कोण? मीच की!

ढोकीला गाडीत बसलो, तर हद्दीवर करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा नाका. हिकडं निजामाचं राज, तिकडं इंग्रजाचं. कारकून आला, घागरीवर काठी वाजवली. "क्या है? घी है?" म्या म्हणलं, "पानी है, साब." "पानी? बम्बई को? उधर क्या पानी नहीं है?" म्या काय सांगू त्याला? जावयाची बोट, लेकीचं घर, हे उर्दूत कसं सांगायचं? अप्पांनीच पुढं होऊन फडकं सोडलं, फुलपात्र भरलं, "लेव, पियो!" म्हणाले. त्यानं प्यालं. मान डोलवली. "मीठा है बुढ्ढेबाबा!" आन् मग त्याच्या शिपायानं प्यालं, मग डब्यातल्या चौघांनी प्यालं... अप्पा खूश! "आमच्या आडाचं हाय," सगळ्यांना सांगत्यात. म्या घागर हलवून बघितली. चार बोटं खाली गेलेली.

कुर्डुवाडीला गाडी बदला, मुंबईला उतरा, धक्क्यावर या... माज्या खांद्याला हात लावून बघा, अजून गाठ हाय. आन् धक्क्यावर पाटी! 'बाहेरचा सोडा, लेमन बोटीवर आणू नये.' आन् पाटीखाली, पांढरा कोट घालून, कोण उभं? आमचे दाजी!

दाजी पाया पडले. मग पेटीकडं बघितलं. मग पाटीकडं. "मामा... पाणी चालेल. पण सोडा... नियम आहे. माझीच नोकरी आहे ही."

अप्पा म्हणाले, "जावई सासऱ्याला अडवतोय?"

"अडवत नाही, मामा. विनंती करतो."

दाजींच्या कपाळावर घाम. मागं शंभर माणूस खोळंबलेलं. अप्पांनी एकडाव जावयाच्या तोंडाकडं बघितलं, कोटाच्या बटणांकडं बघितलं, आन् मला म्हणाले, "उघड पेटी. ह्यांची नोकरी जाता कामा न्हाय." आन् धक्क्यावर वाटला हो जिंजर! हमाल प्याले, खलाशी प्याले, एक पोलीस प्याला, फटाफट गोट्या दाबत्यात आन् ढेकरा देत्यात! मला काय मिळालं? चोवीस रिकाम्या बाटल्या! त्या टाकायच्या न्हाईत, रेवणसिद्धाला परत द्यायच्या!

बोट सुटली. आन् रेवणसिद्ध खरा बोलला हो, लागली बोट! आमाला न्हाय. बाकी सगळ्यांना. शेजारी एक कोकणातली म्हातारी होती, ती पार आडवी. तिची सून म्हणाली, "आजोबा, घोटभर पाणी द्याल?" आता तहानलेल्याला अप्पा न्हाय म्हणतील? एक फुलपात्र दिलं. मग पलीकडच्या बाईला दिलं. मग एक मास्तर आले, मग मास्तरांचा मेव्हणा... तुम्हाला सांगतो, रांग लागली! बोटीवर पाणी असताना रांग आमच्या घागरीपुढं! का, तर म्हणं ह्या पाण्याला चव हाय! म्या कानात म्हणलं, "अप्पा, तुमाला राहू द्या थोडं." तर म्हणाले, "बघू रं." दुपार कलायच्या आत दोन्ही घागरी कोरड्या ठाक.

मग झाली मुश्किल. ऊन डोक्यावर, वारा खारट, अप्पा ओठ चाटत बसलेले. दाजी तांब्या घिऊन आले. "मामा, घ्या." अप्पा म्हणाले, "ब्याडा." म्हंजे नको. लई अडून बसले का अप्पांना कन्नड येतं.

दाजी गेले, शहाळं घिऊन आले. "मामा, हे तर झाडाचं पाणी आहे."

"पैसं कुणी दिलं?"

"...मी."

"ब्याडा."

मग दाजी बोटीवरच्या हॉटेलातनं लेमन घिऊन आले. "ब्याडा." मी घ्यायला गेलो तर मला म्हणाले, "तू भाऊ हाईस तिचा. तुला बी ब्याडा!" आता हे कुठल्या रिवाजात हाय?

पर हसण्यावारी न्हेऊ नका. उन्हं उतरायला लागली तसे अप्पांचे ओठ पांढरे पडले. बोलायचं बंद झालं. हात माज्या हातात दिला. अप्पा कधी हात देत न्हाईत हो कुणाच्या हातात. भ्यालो मी. खरंच भ्यालो. मनात आलं, सहा वर्सांनी बाप लेकीच्या दारात येतोय, आन् त्यो असा येतोय का काय!

तवा दाजी खाली बसले. टोपी काढली. डोळ्यांत पाणी त्यांच्या. "मामा, शांतानं शपथ घातली होती, तिलाच तोंडानं सांगायचं होतं तुम्हाला. पण आता मी मोडतो शपथ. मामा... तिला सातवा महिना लागलाय."

मी उडालोच! "अप्पा! ऐकलंत का! प्या आता!" तांब्या तोंडाशी नेला, तर अप्पांनी तो हातानं थांबवला. म्हणत्यात कसं, "सातवा म्हंजे झालं न्हाय अजून."

तुम्हाला सांगतो, मला समुद्रात उडी टाकावी वाटली! दाजींनी मान खाली घातली. अप्पांनी तांब्यातल्या पाण्याकडं बघितलं. आन् मग हळूच म्हणाले, "मल्ल्या, त्या लेकराचं घर कुठलं?"

म्या म्हणलं, "दाजींचंच की."

"मग ते पाणी लेकराचं बी हाय का न्हाय?"

"हाय की!"

"आजानं नातवाच्या घरचं पाणी प्यायचं न्हाय, असा रिवाज हाय का कुठं?"

"न्हाय, अप्पा! बिलकुल न्हाय!"

"मग दे हिकडं!"

आन् प्याले हो! तीन तांबे प्याले, शहाळं प्याले, लेमन प्याले! पिताना रडत होते, का रडताना पीत होते, देवाला ठावं. दाजी रडत्यात, मी रडतोय, ती कोकणातली म्हातारी उठून बसली आन् ती बी रडतीय, कशासाठी ते तिला बी ठावं न्हाय!

रत्नागिरीला पडावातनं, म्हंजे किनाऱ्याला न्हेणाऱ्या होडीतनं, उतरलो. शांताक्का उभी. गोल गरगरीत झालेली, तोंडावर तेज. अप्पांच्या गळ्यात पडली, पोटभर रडली, मग डोळं पुसून तिनं पहिलं काय बघितलं? भाऊ? न्हाय! घागरी! "अप्पा, आपल्या आडाचं पाणी आणलंत? दोन महिनं झाले, मला दुसरं डोहाळंच न्हाईत! हितलं पाणी घशाखाली उतरत न्हाय. नुस्तं आडाचं पाणी डोळ्यांपुढं येतंय!"

म्या घागर उलटी करून दाखवली. एक थेंब पडला, तो बी वाळूत.

अप्पांनी मान वळवली. माज्याकडं बघितलं. दुसरी घागर बी माज्या हातात दिली.

तर असं हाय. अप्पा तिथंच राहिलेत, बाळंतपण होईस्तोवर. लेकीच्या घरचं पाणी दिवसाला धा तांबे पित्यात, वर 'गोड हाय' म्हणत्यात! आन् मी उद्याच्या गाडीनं निघालोय, ह्या खेपेला चार घागरी घिऊन... चला, सरका जरा, दोर सोडा आडात. आन् वाईच वरपर्यंत भरू द्या. नाक्यावरचा तो कारकून माजी वाट बघत असंल.