जीपमधली बंदूक

आता तुम्हीच सांगा, पोटची पोर बापाला कॉलेजच्या गेटावर अडवते का? निवडणुकीपायी जमा केलेली बंदूक अंबडच्या ठाण्यातून सोडवली आन् तसाच जालन्याला गेल्तो. आमच्या वर्षाला वादविवादाचं बक्षीस होतं. पोरीनं वकिली शिकू नये हे माझं पहिल्यापासूनचं मत, तरी म्हणलं, टाळ्या तर वाजवू.

वॉचमननं माझ्या मिशा बघून सलाम ठोकला, गेट उघडलं. तेवढ्यात वर्षा आली. तिनं मागच्या सीटवर बघितलं.

"पप्पा, बंदूक? जीप आत न्हाई जाणार."

"अगं, लायसन हाये. जीपला कुलूप लावतो."

"कॉलेजच्या आवारात न्यायची न्हाई, ही त्या लायसनचीच अट हाये. जीपमध्ये ठेवली तरी आतच आली ना?"

"मंग जीप बाहेर लावून मी येतो."

"आन् बंदूक रस्त्यावर सोडून? बिलकुल न्हाई!"

गेट तिनंच लावून घेतलं.

जीपमध्ये बसून लाऊडस्पीकरवर तिचं नाव ऐकलं. एकट्यानंच टाळ्या वाजवल्या, चांगल्या हात दुखेस्तोवर. वॉचमन जवळ आला. "मालक, आत न्हाई गेले?"

म्हणलं, "न्हाई बा. आमच्या वकीलबाईंची मनाई हाये."