तानाबाईंना मी नाही म्हणाले

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या समुपदेशन केंद्राचे संस्थापक आदरणीय डॉ. नेमिनाथ मगदूम सर, प्रमुख पाहुण्या प्राचार्या दीपा चौगुले मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेली माझी सहकारी अनुजा, केंद्राचे सर्व स्वयंसेवक आणि एवढ्या उन्हातून आवर्जून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

मघापासून इतकं चांगलं बोललं गेलं, की ज्या बाईंचा सत्कार आहे त्या अजून यायच्या आहेत की काय, असं मला वाटू लागलं होतं. सूत्रसंचालक म्हणाले, 'समुपदेशक ते साहित्यिक, एक प्रेरणादायी वाटचाल.' ऐकायला छान वाटतं. पण या वाटचालीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही शाल अंगावर घेणं मला बरं वाटत नाही. सरांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "बोल. पण रडू नकोस, माइक खराब होतोय."

आमचं केंद्र म्हणजे शिवाजी पेठेत खेळाच्या सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. फुटबॉलचा सामना असला की खाली एवढा गलका, की जीव नकोसा झालेला माणूससुद्धा फोनवर मध्येच विचारायचा, "कोण जिंकलं ओ?" नियम साधे. नाव विचारायचं नाही, नंबर ठेवायचा नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी एका बाईंचा फोन आला. त्यांचं खरं नाव मला आजही माहीत नाही. माझ्या कथेत त्या तानाबाई आहेत, म्हणून इथेही तानाबाईच म्हणते. गाव आणि काम सांगणार नाही. त्या म्हणाल्या, "मला काय बोलायचं न्हाय. भाकऱ्या थापून झाकून ठेवल्यात. पोरं साळंतनं आली म्हंजे खातील. एवढं कुणाला तरी सांगून ठेवावं म्हटलं."

प्रशिक्षणात शिकवतात, आडवळणाने विचारू नका, थेट विचारा. मी विचारलं, "जिवाचं काही करून घ्यायचं मनात आहे का?"

"व्हय."

त्यापुढचं सगळं शिक्षण मी त्या क्षणी विसरले. तोंडून निघालं, "भाकरीबरोबर आमटी कसली केलीय?"

पलीकडे भांड्यावरचं झाकण वाजलं. मग म्हणाल्या, "आमटी ऱ्हायलीच की."

"मग करून घ्या. मी फोनवर थांबते."

आणि त्यांनी केली. मला लसणाची फोडणी ऐकू आली, पळी आपटल्याचा आवाज आला. मधूनमधून मी विचारत होते, त्या सांगत होत्या. शेजारी कोण राहतं, चांगली आहे का, हाक मारली तर येईल का. आमटीला उकळी आली तेव्हा शेजारीण घरात आलेली होती. चाळीस मिनिटं गेली होती. फोन ठेवून मी अनुजाच्या खांद्यावर डोकं टेकलं, तिला आठवत असेल.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन यायचा. "बाई, बरी हाय. नुसता आवाज ऐकाया केला." एवढंच.

आता लिहिण्याकडे येते. घरी गेल्यावर माझे पती धम्मपाल विचारायचे, "आज काय झालं?" मी म्हणायचे, "काही नाही." अशी बारा-तेरा वर्षं गेल्यावर त्यांनी एक दिवस दोनशे पानी वही आणून दिली. म्हणाले, "मला सांगू नकोस. हिला तरी सांग." मी लिहू लागले. माणसं बदलायची, गावं बदलायची. तानाबाईंचंही सगळं बदललं. काम बदललं, घर नदीकाठी नेलं, दोन लेकरांची एकच मुलगी केली. पण आमटी मला बदलता आली नाही. ती काढली, तर कथेत काही उरत नव्हतं. कथा एका दिवाळी अंकात छापून आली. पत्रं आली. एका प्रकाशकाने संग्रह मागितला.

त्याच आठवड्यात तानाबाईंचा फोन आला.

"बाई, पोरीनं अंकातली गोष्ट वाचून दावली. त्यातली तानाबाई मी हाय न्हवं?"

तुम्हाला काय वाटतं, मी काय म्हणाले असेन? इतकी वर्षं लोकांना 'खरं बोला, मन मोकळं करा' असं सांगणारी बाई काय म्हणाली असेल?

मी घाबरले. या बाई तक्रार करतील, केंद्राचं नाव खराब होईल, पुस्तक थांबेल. मी म्हणाले, "नाही हो. योगायोग असेल. अशा गोष्टी पुष्कळ घरांत घडतात."

"व्हय?" त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "न्हाय, पोरगी वाचताना रडली. म्हनली, किती खंबीर बाई हाय ही. तिला सांगणार हुतो, अगं ती तुजी आय हाय म्हणून. आदी तुमास्नी इचारावं म्हटलं. असू दे. न्हाय तर न्हाय."

आणि फोन ठेवला. भांडायला नव्हता केला फोन. इतक्या वर्षांत लेकीला जे सांगता आलं नाही, ते सांगायला त्यांना एक आधार सापडला होता. तो मी काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "पूर्णिमा, न विचारता लिहिलंस ही चूकच. पण नाही म्हणालीस, ती त्याहून मोठी." मी म्हटलं, शोधू या. ते म्हणाले, "शोधायचं नाही. त्यांनी आपल्याला पत्ता दिलेला नाही."

मग वाट बघणं आलं. अकरा महिने मी दुपारची एकही पाळी चुकवली नाही. एक सोडून. त्या दिवशी पुण्यात माझ्या पुस्तकाचा प्रकाशन समारंभ होता. संध्याकाळी अनुजाचा फोन आला. "दुपारी एक बाई फोनवर विचारत होत्या, लिव्हणाऱ्या बाई हायत का म्हणून. मी म्हटलं, आज सुट्टीवर आहेत. असू दे म्हणाल्या."

लिव्हणाऱ्या बाई. म्हणजे त्यांनी माझ्या 'नाही'वर विश्वास ठेवलाच नव्हता. त्या मला आणखी एक संधी देत होत्या, आणि मी हार घालून घेत होते. त्यानंतर त्यांचा फोन नाही.

अनुजा मला म्हणाली, "मग लिहिणं सोड की." सोडून पाहिलं. चार महिने वही उघडली नाही. पण फोनवर कुणी काही बोललं, की मन त्यातलं वाक्य उचलून बाजूला ठेवायचं. गेल्या महिन्यात एक गृहस्थ बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "ऐकताय न्हवं?" मी ऐकत नव्हते, मनात लिहीत होते. मी फोन अनुजाच्या हातात दिला आणि त्याच दिवशी राजीनामा लिहिला. उलटं करता आलं असतं, तर मी फोनवरचं हे काम धरून ठेवलं असतं आणि लिहिणं सोडलं असतं. ते मला जमलं नाही.

पत्रकार बंधू आले आहेत, त्यांना एक विनंती. उद्या या समारंभाची चार ओळींची बातमी आली, तर माझे पुरस्कार गाळा. एवढंच छापा, की लेखिकेने सांगितलं, ती कथा खरी आहे आणि तानाबाई खरी आहे. कुठल्या तरी घरात एखादी लेक आईला पेपर वाचून दाखवत असेल.

सरांचे, चौगुले मॅडमचे, अनुजाचे, माझ्या एवढ्या वर्षांच्या 'काही नाही'वर न रागावलेल्या धम्मपालांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. भाषण संपवताना चुकल्यामाकल्याची माफी मागायची पद्धत आहे. माझं काय चुकलं ते आज आपण ऐकलंच. ते मोठ्या मनाने पोटात घ्यावं. जिची माफी मागायला हवी, तिला हाक मारायला माझ्याकडे नाव नाही.