मिडासचा हात

वडनेरच्या थांब्यावर हिंगणघाटची बस काही येईना. आनंदाबाई बाकावर टेकल्या. शेजारी रिटायर झालेले अण्णाजी मास्तर आणि मांडीवर बक्षिसाची ढाल घेऊन बसलेला त्यांचा मुलगा धनंजय यांची चांगलीच जुंपली होती. बाईंनी तोंड रस्त्याकडे केलं, कान मात्र बापलेकाकडेच राहिले.

"ढाल कायची भेटली तुले?"

"मिडास पुरस्कार, बाबा. कंपनीत सगळ्यात जास्त विमे मीच विकले. हात लावीन तिथं सोनं, असा अर्थ आहे त्याचा."

"अर्थ मले नोको शिकवू! ग्रीक राजा होता तो. वर मागतला, अन् हातातल्या भाकरीचंच सोनं झालं. उपाशी बोंबलत फिरला!"

"गोष्ट आहे ते."

"आपल्या इकडं त्यालेच भस्मासुर म्हणतात. त्यानंही हातासाठीच वर मागतला. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन, त्याची राख!"

"पगार पाचपट झाला, ते नाई दिसत तुमाले?"

"अन् दवाखान्यात नकली पाय बनवत होता, तवा? तळेगावची ते पोरगी तू बनवलेल्या पायावर पह्यल्यांदा चालली, त्या दिवशी घरी येऊन चार भाकरी हाणल्या होत्या तू. आता ताट सरकवून उठून जातं!"

"भूकच नाई लागत."

"काऊन नाई लागत? सांग ना! काऊन?"

मान खाली घालून धनंजयनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"हात काढ!" मास्तर ओरडले. "डोक्यावरचा हात काढ पह्यले!"