मामा, वर ढग आहेत ना?

अजिंक्य : (फोनवर) नीट बघा ना मामा. गडाच्या मागे एखादा तरी ढग असेल!

बाळामामा : अंगणात उभा राहून मान मोडली माझी. गड लख्ख दिसतोय. उद्या चढायला याच्यापेक्षा चांगला दिवस मिळायचा नाय.

अजिंक्य : असं नका बोलू!

बाळामामा : मेल्या, पावसासाठी देव पाण्यात घालून बसलायस काय?

अजिंक्य : मला घरचा जिना चढताना धाप लागते, मामा. आणि उद्या वेदिका येतेय. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच कुठेतरी जातोय आम्ही.

बाळामामा : मग गडावर कशाला?

अजिंक्य : आईने घोळ घातला. मुलगी बघायला गेलो, तिथे म्हणाली, "आमचा अजिंक्य दर रविवारी सह्याद्रीत असतो."

बाळामामा : असतोस?

अजिंक्य : हॉटेल सह्याद्रीत. लांज्याला. सुरमई थाळी खातो.

बाळामामा : अरे देवा!

अजिंक्य : आईला वाटतं मी डोंगर चढतो. वेदिकानेही त्यावरच होकार दिला. खरं कळलं तर लग्न मोडेल, आणि मला ती फार आवडते हो.

बाळामामा : मग मी काय करू? ऊन विझवू?

अजिंक्य : मोबाइलवरच्या हवामानावर तिचा विश्वास नाही. म्हणते, पायथ्याच्या माणसाला विचारू. तिला फोनवर जोडतो. पाऊस आहे म्हणा. थोडासाच.

(फोनवर वेदिका येते.)

वेदिका : नमस्कार मामा. वर हवा कशी आहे?

बाळामामा : काय सांगू पोरी! पाऊस, गारा, विजा! धुक्यात गडच हरवलाय. बिबट्यासुद्धा भिजून खाली आला!

अजिंक्य : मामा, थोडासाच...

वेदिका : इथे तर कडक ऊन आहे.

बाळामामा : इथे मिट्ट काळोख गो! स्वतःचा हात दिसत नाय! (मागे वळून, बायकोला) अगो हौसा, आमसुलं उचलू नकोस, ऊन आत्ता कुठे तापलंय!

वेदिका : अजिंक्य?

अजिंक्य : सांगतो. सह्याद्री हे हॉटेल आहे. मी आयुष्यात एकही गड चढलेलो नाही. तुम्हाला नकार द्यायचा असेल तर द्या. मला वाईट वाटेल, पण द्या.

वेदिका : आधी नाही बोलायचं? आठवडाभर ऑफिसचे जिने चढउतार करतेय मी. पोटऱ्या भरून आल्यात!

अजिंक्य : कशासाठी?

वेदिका : तुमच्या मागे पडायला नको म्हणून. मी तरी कुठे डोंगर चढलेय? मैत्रिणींचे नवरे रविवारी घरात लोळतात. म्हटलं, हा माणूस बाहेर तरी नेईल.

बाळामामा : मी ठेवू काय फोन?

वेदिका : थांबा मामा. तुमच्या घरापर्यंत रिक्षा येते?

बाळामामा : दारात येते.

वेदिका : मग उद्या तिथवर येऊ. पुढे जमेल तेवढं चालू.

अजिंक्य : आणि नाही जमलं तर?

वेदिका : तर बसू थोडा वेळ.