मयताचे डायलिसिस चालू असल्याबाबत

नाव: सगळे मोठी आई म्हणतात. वय: सत्तरीच्या पुढे, पुढचं मोजायचं सोडलं. धंदा: उशांचे अभ्रे शिवणे. राहणार: सरकारी दवाखान्यामागची गल्ली, जिन्याखालची खोली.

पोलीस चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगते, की माझे यजमान मागच्या हिवाळ्यात वारले. त्यांचं डायलिसिस सरकारी विम्याच्या कार्डावर व्हायचं. अख्ख्या घराला ते एकच कार्ड.

काल सकाळी सुनेला पित्ताशयाच्या ऑपरेशनला नेलं. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "आजी, यंदाची मर्यादा संपली. आजोबांचं डायलिसिस चालू आहे ना."

"अरे, त्यांना पोचवून आलो आम्ही. रक्त कुठून आणता?"

तो हसला नाही. हळूच म्हणाला, की गेल्या वर्षीइतके रुग्ण दिसले तरच वरचं सरकार योजनेला आपला हिस्सा देतं. आकडा घटला की हिस्सा बंद, मग मशिनी बंद. म्हणून नाव कमी करत नाहीत.

मी आत जाऊन पाहिलं. त्यांच्या खाटेजवळ मशीन चालू होतं. खाटेवर कोणी नव्हतं, उशीला मात्र खळगा होता. नर्सने त्यांचं नाव पुकारलं. पडद्यामागून आवाज आला, "आलो, आलो." आलं कोणीच नाही. जन्मभर असंच, आलो आलो म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. त्यामुळे आवाज त्यांचाच, याबद्दल शंका नाही. नर्स "बरं" म्हणाली आणि पुढे गेली.

सून बाकावर पोट धरून बसली होती. बाबूला म्हटलं, यांचं नाव काढ, हिला घे. तो म्हणाला, "डायलिसिसच्या यादीतून एक काढलं की एक घालावं लागतं. तुमचं वेगळं कार्ड करतो, अंगठा ठेवा." मी ठेवला. सुनेला लगेच आत घेतलं.

आज सकाळी मुलाने फोनवरचा निरोप वाचला: माझं डायलिसिस पार पडलं. काल दवाखान्यातून आल्यापासून मी घराबाहेर पडलेच नव्हते. मुलगा म्हणाला, "आई, हात बघू." कोपराशी सुईच्या दोन ताज्या खुणा होत्या.

तक्रार आहे, पण सून घरी येईपर्यंत माझं नाव काढू नये. माझं काढलं की यांचं घरच्या कार्डावर परत चढेल, आणि ती अर्धीच बरी होऊन बाहेर येईल.

जबाब वाचून दाखवला, मी बोलले तसाच आहे. अंगठा दोनदा दाबला, उमटला नाही. हेही लिहा, की सहीसाठी हवालदारांनी नाव पुकारलं तेव्हा मी समोरच बसून "आले, आले" म्हटलं, आणि ते दाराकडे बघत राहिले.